खुन्याचा हात कोणता?

लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तीत बक्स रो नावाचा एक अंधारा रस्ता होता. ३१ ऑगस्ट १८८८ रोजी पहाटे पावणेचारच्या सुमारास तिथे मेरी ॲन निकोल्स ही ४३ वर्षांची बाई मेलेली सापडली. गळा दोनदा चिरलेला होता आणि त्यातला मोठा घाव सुमारे आठ इंच लांब, थेट मणक्यापर्यंत गेलेला होता. जवळच राहणारे डॉ. रीस राल्फ लेवेलिन यांना पोलिसांनी झोपेतून उठवून आणले. दुसऱ्या दिवशी कॉरोनर विन बॅक्स्टर यांच्यासमोर त्यांची साक्ष झाली. कॉरोनर म्हणजे मृत्यू संशयास्पद असेल तर त्याचे कारण जाहीर चौकशीत ठरवणारा अधिकारी; हे पद मुंबईकरांनाही परिचयाचे होते. लेवेलिन यांनी सांगितले की खालच्या जबड्याच्या उजव्या बाजूला एक खरचटल्यासारखा काळानिळा डाग आहे, तो अंगठ्याच्या दाबाने उठला असावा किंवा ठोशाने. डाव्या गालावर गोलसर डाग आहे, तो बोटांचा असू शकतो. घाव डावीकडून उजवीकडे गेले आहेत आणि ते एखाद्या डावखुऱ्या माणसाने केलेले असू शकतात. ‘असू शकतात’ हे त्यांचे शब्द होते. वर्तमानपत्रांत आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे लिहिल्या गेलेल्या पुस्तकांत त्यातला ‘डावखुरा’ टिकला आणि ‘असू शकतो’ गळून पडला. या प्रकरणात मला एवढेच दाखवायचे आहे की त्या घावांवरून तो निष्कर्ष निघत नव्हता, आणि का निघत नव्हता हे कळले की जखमेकडून कोणती अपेक्षा ठेवावी तेही कळते.

डावखुरेपणाचा दावा इतका मोहक का वाटतो, हे आधी पाहायला हवे. जगात साधारण दहापैकी एक माणूस डावखुरा असतो. खुनी डावखुरा आहे असे खात्रीने कळले तर संशयितांची यादी एका फटक्यात एक दशांश होते. खुनी उजवखुरा आहे असे कळले तर मात्र दहातला एकच जण सुटतो आणि तपास होता तिथेच राहतो. म्हणजे जो निष्कर्ष उपयोगी, तो दुर्मीळ. आणि जो नेहमीचा, त्याचा उपयोग फार थोडा. तपास करणाऱ्याला आणि गोष्ट लिहिणाऱ्याला पहिल्याची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. निकोल्सपासून सुरू झालेल्या, व्हाइटचॅपलचे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाच खुनांनंतर तीनच वर्षांनी, १८९१ मध्ये, आर्थर कॉनन डॉयल यांनी बॉस्कम व्हॅलीची कथा प्रसिद्ध केली. तिच्यात डोक्याच्या मागच्या डाव्या बाजूला बसलेल्या घावावरून शेरलॉक होम्स खुनी डावखुरा असल्याचे ओळखतो. हार्पर ली यांच्या १९६० च्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्ये मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूच्या मारावरून वकील हाच मुद्दा मांडतो. शिवाय या खुनांच्या काळात डाव्या हाताकडे शास्त्राच्या नावानेही संशयाने पाहिले जाई. चेझारे लोम्ब्रोझो या इटालियन गुन्हेशास्त्रज्ञाने डावखुरेपण गुन्हेगारांत अधिक आढळते असे मांडले होते. लेवेलिन यांच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. त्यांचे विधान ऐकणाऱ्या समाजाला मात्र ते पटायला फार वेळ लागला नसणार.

आता घावाकडे वळू. धारदार शस्त्राचा ओढलेला घाव जिथून सुरू होतो तिथे बहुधा खोल असतो आणि शेवटाकडे उथळ होत जातो, म्हणून त्याची दिशा बऱ्याच वेळा सांगता येते. पण दिशा म्हणजे हात नव्हे. समजा, बाई उभी आहे आणि मारणारा तिच्या पाठीमागे आहे. उजव्या हातातला सुरा तो तिच्या मानेच्या डाव्या बाजूला टेकवून स्वतःच्या उजवीकडे ओढील. घाव डावीकडून उजवीकडे जाईल. तोच माणूस समोर उभा असेल आणि डाव्या हातात सुरा धरून आपल्याकडे ओढत असेल, तरी घाव पुन्हा डावीकडून उजवीकडेच. समोरून उजव्या हाताने सपकन आडवा वार केला तर तोही तिच्या डाव्या बाजूला लागून उजवीकडे जाईल. बाई जमिनीवर उताणी आहे आणि मारणारा तिच्या उजव्या कुशीला गुडघे टेकून बसला आहे असे धरले, तर त्याचा डावा हात तिच्या डोक्याकडे येतो आणि उजवा पायांकडे. डाव्या हाताने जबडा दाबून धरायचा, उजव्या हाताने मानेच्या पलीकडच्या बाजूला सुरा लावून आपल्याकडे ओढायचा. रेघ पुन्हा तीच. चार वेगवेगळ्या मांडण्या, त्यांत तीन उजव्या हाताच्या आणि एक डाव्या हाताची, आणि मानेवर उमटलेली खूण एकच. हात ओळखायचा तर आधी मारणारा कुठे होता आणि मरणारी कोणत्या स्थितीत होती हे ठरवावे लागते, आणि ते ठरवण्याची ताकद एकट्या घावात नसते.

लेवेलिन यांनी ती जागा भरली ती जबड्यावरच्या डागांनी. उजवीकडे अंगठा आणि डावीकडे बोटे, म्हणजे समोरून कोणीतरी उजव्या हाताने तोंड दाबले. उजवा हात तिथे गुंतला, तेव्हा सुरा डाव्या हातात. विचारांची ही साखळी दिसायला घट्ट आहे, पण तिची पहिली कडी, ‘समोरून’ ही, कुठून आली? उताण्या पडलेल्या बाईच्या उजव्या कुशीला बसून डाव्या हाताने जबडा पकडून पाहा, म्हणजे कागदावर आकृती काढून पाहा. अंगठा जवळच्या, म्हणजे तिच्या उजव्या जबड्यावर येतो आणि बोटे पलीकडच्या डाव्या गालावर. तेच डाग, तीच जागा, फक्त हात उलटा. उजवीकडचा डाग ठोशाचा असू शकतो हे तर डॉक्टरांनी स्वतःच मान्य केले होते. तो ठोशाचा निघाला तर साखळी आपोआप सुटते.

मग बाई उभी होती की पडलेली, हे कसे ठरवायचे? रक्तावरून. मानेतली मोठी धमनी उभ्या माणसाची कापली तर रक्त छातीवरून खाली वाहते आणि कपड्यांचा पुढचा भाग भिजतो. निकोल्सच्या छातीवर आणि कपड्यांच्या पुढच्या बाजूवर रक्त नव्हते. ते पाठीकडच्या कपड्यांत शोषले गेले होते. आठ सप्टेंबरला हॅनबरी स्ट्रीटवरच्या २९ क्रमांकाच्या घरामागच्या अंगणात ॲनी चॅपमनचा खून झाला. तिथे डॉ. जॉर्ज बॅगस्टर फिलिप्स यांना लाकडी कुंपणावर, तिच्या डोक्याच्या डावीकडे, जमिनीपासून सुमारे १४ इंच उंचीवर रक्त सापडले. उभ्या बाईच्या गळ्यातले रक्त त्या उंचीवर तसे पडत नाही. तिचा चेहरा सुजला होता आणि जीभ पुढे आली होती. आधी गळा दाबून तिला शुद्धीबाहेर नेले असावे, असे फिलिप्स यांना वाटले. तीस सप्टेंबरला मध्यरात्रीनंतर बर्नर स्ट्रीटच्या अंगणात मारल्या गेलेल्या एलिझाबेथ स्ट्राइडविषयी फिलिप्स यांची साक्ष सर्वांत नेमकी आहे: तिला खांद्यांना धरून जमिनीवर टाकले, मारणारा तिच्या उजव्या बाजूला होता, आणि घावाची सुरुवात त्याच्यापासून दूर असल्याने रक्ताची धार पलीकडे, गटाराच्या दिशेने गेली. त्याच रात्री माइटर स्क्वेअरमध्ये कॅथरिन एडोजचा खून झाला. तिची तपासणी करणाऱ्या डॉ. फ्रेडरिक गॉर्डन ब्राउन यांनीही बाई जमिनीवर पडलेली असताना गळा कापला गेला आणि मारणारा तिच्या उजव्या बाजूला गुडघे टेकून होता असे सांगितले. एडोजच्या डाव्या बाजूची धमनी पुरती तुटली होती. उजवीकडच्या धमनीला केवळ बारीक छिद्र होते. म्हणजे घाव डावीकडे सुरू झाला यात शंका उरत नाही, आणि ओढणारा हात उजव्या कुशीकडून येत होता यातही फारशी नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो की डॉक्टरांनी मृतदेह पाहिला होता, आपण पाहिलेला नाही. आपण त्यांना खोडून काढणारे कोण? आक्षेप रास्त आहे, पण तो पाहण्याला लागू होतो, अनुमानाला नाही. घाव आठ इंचांचा, डाग जबड्याच्या उजवीकडे, रक्त पाठीकडे, हे लेवेलिन यांनी पाहिले आणि ते मी जसेच्या तसे स्वीकारतो. ‘डावखुरा’ हे त्यांनी पाहिलेले नाही. ते त्यांनी जोडलेले आहे, आणि जोडणीचा हिशेब कोणालाही तपासता येतो. त्यातही परिस्थिती किती वाईट होती हे लक्षात घ्या. रस्त्यावरची पहिली तपासणी कंदिलाच्या उजेडात झाली आणि पोटावरच्या जखमा तिथे कोणाच्या ध्यानातही आल्या नाहीत. त्या शवागारात कपडे वर केल्यावर दिसल्या. नीट तपासणी होण्याआधी गरिबांच्या वर्कहाउसमधल्या दोघांनी कपडे काढून प्रेत धुऊनही टाकले होते. पुढे पोलिसांच्या अहवालात अशी नोंद आहे की घाव डावखुऱ्याचे असावेत असे डॉक्टरांचे आधीचे मत होते, पण आता त्यांनाच त्याची खात्री वाटत नाही. आपल्या मतावर संशय घेण्याचा हा प्रामाणिकपणा मला लेवेलिन यांच्या साक्षीइतकाच मोलाचा वाटतो. दुर्दैवाने साक्ष छापून आली आणि संशय फाइलीत राहिला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. बाई पडलेली, मारणारा उजव्या कुशीला, घाव डावीकडून उजवीकडे, आणि हे चार वेळा. मग खुनी उजवखुरा होता असे ठामपणे का म्हणू नये? डावखुरा माणूस आरशातल्यासारखा उलट वागला असता. तो डाव्या कुशीला बसला असता आणि त्याने उजवीकडून डावीकडे ओढले असते. उजव्या कुशीला बसून डाव्या हातात सुरा धरायचा तर सुऱ्याचा हात डोक्याशी आणि जबडा धरणारा हात पायांकडून, असे दोन्ही हात एकमेकांच्या आड येतात. युक्तिवाद चांगला आहे, आणि लेवेलिन यांच्या मूळ मतापेक्षा खूपच बरा, कारण तो केवळ रेघेवर उभा नाही. रेघ आणि बसण्याची जागा या जोडीवर उभा आहे. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे: बसण्याची जागा खुन्याने निवडली. तिथे मला थांबावेसे वाटते. निकोल्स रस्त्याच्या कडेने आडवी पडली होती आणि तिचा डावा हात तबेल्याच्या फाटकाला लागलेला होता, असे हवालदार जॉन नील यांनी सांगितले. चॅपमनच्या डाव्या अंगाला लाकडी कुंपण होते. तिच्या आणि कुंपणाच्या मध्ये माणूस बसायला जागाच नव्हती. स्ट्राइड डाव्या कुशीवर, तोंड भिंतीकडे करून पडली होती. पाचपैकी तीन वेळा डावी बाजू भिंतीने, फाटकाने किंवा कुंपणाने अडवलेली होती. अशा जागी मारणारा कोणत्याही हाताचा असो, तो उजव्याच कुशीला बसणार. तो भिंतीचा निकाल आहे, हाताचा नव्हे. फार तर एवढे म्हणता येईल की बाईला कोणत्या अंगावर पाडायचे हे त्यानेच ठरवले असेल आणि ते त्याच्या हाताला सोयीचे असेल. शक्य आहे. पण आता आपण पुराव्यावरून अनुमान काढत नाही, अनुमानाला पुरावा शोधत आहोत.

पाचव्या खुनाने या मुद्द्याला जी पुष्टी मिळते ती बाकीच्या चारांनी मिळत नाही. नऊ नोव्हेंबर १८८८ रोजी डॉर्सेट स्ट्रीटच्या मागे, मिलर्स कोर्टमधल्या १३ क्रमांकाच्या एका खोलीत मेरी जेन केली मारली गेली. या पाचांतली हीच एक घराच्या आत मरण पावली. तिचा पलंग लाकडी आडभिंतीला लागून होता. रक्त पलंगाच्या आडभिंतीकडच्या वरच्या कोपऱ्यात, उशीत आणि गादीत मुरले होते. त्यावरून फिलिप्स यांनी ठरवले की गळा कापला तेव्हा ती पलंगाच्या उजव्या कडेला होती आणि उजव्या बाजूची धमनी तुटणे हे मृत्यूचे तात्काळ कारण होते. डॉ. टॉमस बाँड यांनी दहा नोव्हेंबरला पोलिसांना दिलेल्या अहवालात पाचही खून एकाच हाताचे असल्याचे निःसंशय म्हटले. पहिल्या चारांत मारणाऱ्याने बाईच्या उजव्या बाजूनेच हल्ला केला असला पाहिजे असेही त्यांनी लिहिले. डॉर्सेट स्ट्रीटच्या बाबतीत मात्र समोरून किंवा डावीकडून, कारण भिंत आणि बाई यांच्या मध्ये त्याला जागा नव्हती. गळ्याचा घाव कोणत्या दिशेने गेला हे इतक्या विद्रूप केलेल्या प्रेतावरून सांगता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. बाँड यांचा ‘एकच हात’ मान्य केला तर एकाच माणसाने, एकाच हाताने, चार बायकांना एका बाजूने आणि पाचवीला दुसऱ्या बाजूने मारले, आणि फरक पडला तो भिंतीच्या जागेमुळे. केवळ चौघींच्या जखमांवर नियम बसवणाऱ्याला पाचवीच्या खोलीत माणूस बदलल्यासारखा वाटला असता. माणूस बदलला की नाही हा वेगळा वाद आहे, आणि त्यावर पुस्तके लिहिली गेली आहेत; पण हाताच्या खुणेवरून तो सुटणार नाही.

काही वाचक म्हणतील, पुरावा कमकुवत असेल, पण शून्य तर नाही; मग त्याला थोडे तरी वजन द्यावे. द्यावे, पण किती ते आकड्यांत पाहावे. निव्वळ उदाहरणासाठी समजू की जबड्यावरचे तसे डाग आणि तसा घाव डावखुऱ्या मारेकऱ्याच्या बाबतीत १०० पैकी ६० वेळा दिसेल आणि उजवखुऱ्याच्या बाबतीत ३० वेळाच. ही खूण डावखुरेपणाच्या बाजूने दुप्पट बोलते; डॉक्टरांच्या मताला मी मुद्दाम उदारपणे वजन दिले आहे. आता एक हजार माणसे घ्या. शंभर डावखुरे, त्यांतले ६० खूण दाखवतील. नऊशे उजवखुरे, त्यांतले २७०. खूण दाखवणाऱ्या ३३० जणांत डावखुरे ६०, म्हणजे १८ टक्के. खूण डावखुरेपणाकडे बोट दाखवते, तरीही मारेकरी उजवखुरा असण्याची शक्यता साडेचारपट राहते. न्यायवैद्यकाचे तज्ज्ञ अशा ठिकाणी ‘या स्थितीशी सुसंगत’ असे सावध लिहितात ते याच कारणाने.

एवढे करूनही ‘डावखुरा’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न उरतोच. माणसाचा हात सगळ्या कामांना एकच असतो असे नाही. सचिन तेंडुलकर फलंदाजी उजव्या हाताने करत असे आणि सही डाव्या हाताने. व्हिक्टोरियन इंग्लंडच्या शाळांत डाव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावत. तो मुलगा मोठा होऊन लेखणी उजव्या हातात आणि चाकू डाव्या हातात धरत असेल, किंवा उलट. धंद्यातले शिक्षण आणखी वेगळे. बक्स रोच्या मागेच, विन्थ्रॉप स्ट्रीटवर घोडे कापण्याचा कारखाना होता. त्या रात्री तिथे कामावर असलेल्या माणसांची पोलिसांनी चौकशी केली आणि त्यांना सोडले. अशा कामात सुरा कोणत्या हातात धरायचा हे पुष्कळदा शेजारी उभा असलेला जुना कामगार ठरवतो. त्यामुळे एखाद्या संशयिताचे जुने पत्र शोधून, त्यातल्या अक्षरावरून त्याचा हात ठरवून, त्याला या खुनांत बसवणे किंवा त्यांतून काढून टाकणे हा प्रकार मला मान्य होत नाही. त्यात दोन अनिश्चित गोष्टी एकमेकींना आधार देत उभ्या केलेल्या असतात.

हाच अनुभव दुसऱ्या एका बाबतीतही येतो आणि तो इथे सांगण्यासारखा आहे. चॅपमनच्या जखमांवरून फिलिप्स यांना मारणाऱ्याला शरीररचनेचे ज्ञान असावे असे वाटले. बाँड यांनी उलट लिहिले: त्याला शास्त्रीय ज्ञान तर नव्हतेच, पण खाटकाइतकेही नव्हते. दोघेही अनुभवी, दोघेही प्रामाणिक, आणि दोघांनीही त्याच मालिकेचा अभ्यास केलेला. जखमेच्या मापांवर त्यांच्यात वाद नव्हता. मापाकडून माणसाकडे जाण्याच्या वाटेवर होता.

चार वेळा तीच खूण दिसली म्हणजे पुरावा चौपट झाला, असेही कोणी म्हणेल. साक्षीदार एकमेकांशी न बोलता तेच सांगतात तेव्हा साक्षीचे बळ वाढते. इथे चारही खुणा एकाच पद्धतीतून आलेल्या आहेत: अंधारी जागा, बाईला गप्प करून जमिनीवर पाडणे, मोकळ्या बाजूला बसणे, रक्त आपल्यापासून दूर जाईल असा घाव. ती पद्धत चार वेळा सिद्ध होते आणि ती निश्चितच महत्त्वाची आहे. मारणाऱ्याच्या कपड्यांवर फारसे रक्त का उडाले नसावे हे तिच्यामुळे कळते. हात मात्र चार वेळा सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक वेळी तो त्याच गृहीतातून काढलेला असतो.

या सगळ्या काटेकोरपणाची गरज काय, असे वाटत असेल तर सप्टेंबर १८८८ मधला व्हाइटचॅपल डोळ्यांसमोर आणा. ‘लेदर एप्रन’ या टोपणनावावरून जॉन पायझर नावाच्या, जोडे बनवणाऱ्या ज्यू कारागिराला दहा सप्टेंबरला पकडले. त्याच्यापाशी तो दुसरीकडे असल्याचा पुरावा होता म्हणून तो सुटला, पण तोवर परदेशातून आलेल्या ज्यूंविरुद्ध रस्त्यावर जमाव उठू लागले होते. अशा वातावरणात ‘खुनी डावखुरा’ हे वाक्य वस्तीतल्या प्रत्येक डावखुऱ्या चांभाराच्या, खाटकाच्या आणि हमालाच्या जिवावर बेतू शकले असते. ज्या पाच बायका मारल्या गेल्या त्यांना न्याय मिळाला नाही, हे दुःख खरे आहे. ते दुःख खुन्याविषयीच्या चलाख अंदाजांनी हलके करायचा प्रयत्न झाला, तर सहावा बळी निरपराध माणसाचा जाण्याचा धोका असतो.

मेरी जेन केलीच्या मृत्यूची कॉरोनरची चौकशी १२ नोव्हेंबर १८८८ रोजी एकाच दिवसात आटोपली आणि वैद्यकीय तपशील पूर्णपणे मांडलेच गेले नाहीत. डॉ. बाँड यांनी तिच्या प्रेताच्या तपासणीची जी टिपणे केली होती ती पोलिसांच्या दप्तरातून गहाळ झाली. १९८७ मध्ये कोणीतरी नाव न कळवता ती परत पाठवली. त्यांत मानेचा घाव मणक्यापर्यंत गेल्याचे आहे आणि उजव्या अंगठ्यावर छोटी चीर असल्याचेही आहे. खुन्याचा हात कोणता, याविषयी त्यांत एकही शब्द नाही.